दाराखालची सहा भोकं

किसनभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी पहिल्यांदा विचारलं, "कोण बोलतंय?" पलीकडून नाव आलं, भाऊंच्या शेडशेजारच्या बॅटरीवाल्याचं. तरी माझं समाधान होईना. लोणावळ्यात गाड्यांच्या पत्र्याचं काम करणारे दोन किसन आहेत, त्यातला कोणता, कधी गेला, तुला कुणी सांगितलं, असं सगळं मी विचारून घेतलं. शेवटी तो वैतागून म्हणाला, "अंगणात ठेवलंय त्यांना. या आणि बघा." माझा स्वभावच असा आहे. दुकानदारानं सीलबंद पुडा दिला तरी मी तो कानाशी हलवून बघतो. बायको म्हणते, तुम्ही स्वतःच्या सावलीकडेही ओळखपत्र मागाल. पण त्या दिवशी ती बातमी खोटी निघावी असं मला मनापासून वाटत होतं, कारण चार वर्षं मी किसनभाऊंशी एक शब्द बोललो नव्हतो. अंगणात पोचलो तेव्हा दोघातिघांनी माझ्याकडे बघून मान वळवली. बातमी खरी होती. ह्याच माणसाला मी चार लोकांत लबाड म्हटलं होतं... पुढं होऊन पाया न पडता मी कुंपणापाशीच उभा राहिलो.

मी लोणावळ्याजवळच्या औंढ्याचा. कारखान्यातली नोकरी सुटल्यावर एक जुनी पिकअप घ्यायची आणि लोहगडवाडीच्या टपऱ्यांना कांदे-बटाटे, पाण्याच्या बाटल्या पोचवायच्या असं ठरवलं. तळेगावकडची एक गाडी मिळत होती. पांढरी, नुकतीच रंगवलेली, इतकी चकचकीत की मला बघताक्षणीच शंका आली. मालकाकडून एका दिवसासाठी ती मागून घेतली आणि कुणीतरी सांगितलं म्हणून भुशीच्या रस्त्याला किसनभाऊंच्या शेडवर नेली. बारकी अंगकाठी, चष्म्याच्या काड्यांना बांधलेली सुतळी, आणि सदऱ्याच्या खिशात काहीतरी जड. माझं नाव विचारत ते त्यांनी बाहेर काढलं. लहान बाळाचा लोकरीचा मोजा होता, आणि त्यात जुन्या स्पीकरमधून काढलेलं लोहचुंबक. मोजा नातीचा. रंगावर ओरखडा उठू नये म्हणून चुंबक त्यात घातलेलं. ते त्यांनी मडगार्डवर टेकवलं आणि हात सोडला. चुंबक घसरून खाली पडलं. केबिनच्या मागच्या कोपऱ्यावर लावलं, तिथंही पडलं. पत्रा असता तर चिकटलं असतं. रंगाखाली पत्रा नव्हताच, गंजून गेलेल्या जागी नुसती लांबी, म्हणजे खड्डे बुजवायचा लगदा, थापलेली होती.

"दत्ता, रंग लय हाय गाडीला," ते म्हणाले. "पत्रा कुटं हाय त्यो हुडकावा लागंल."

मी म्हटलं, "भाऊ, तुमी असंच म्हणणार. दुरुस्तीचं काम तुमालाच मिळणार न्हवं?"

रागवायचं सोडून ते हसले आणि मोजा माझ्या हातात दिला. "व्हय. मंग तूच लावून बघ."

मी गाडीभोवती तासभर फिरलो. हौद्याची जमीन, मागच्या चाकांवरची कमान, पायरी, दारांचा खालचा भाग, जिथं जिथं चिखल साचून राहतो तिथं तिथं चुंबक पडलं. चॅसी, म्हणजे खालचा सांगाडा, मात्र ठणठणीत होती. तेवढ्यावर मालकाला भाव पाडायला लावून मी गाडी घेतली आणि भाऊंकडेच कामाला लावली. पुढं तीन आठवडे मी रोज शेडवर तेलाच्या पिंपावर बसून असायचो. का, तर माझी पाठ वळली की हे लांबी भरतील. भाऊंना ते ठाऊक होतं. सकाळी मला बघितलं की म्हणायचे, "आला का राखणदार? बस." आणि चहा दोन सांगायचे. सडका भाग कापायचा, चांगला पत्रा लागेपर्यंत कापत जायचं, मग नवा तुकडा बेतून वेल्डिंग करायचं. लोणावळ्याच्या हवेत चार महिने काहीच वाळत नाही, त्यामुळं गंज आतून येतो आणि बाहेर फोड दिसेपर्यंत आत सगळं संपलेलं असतं, हे मी तिथं पिंपावर बसून शिकलो. मला वाटतं माझं आणि त्यांचं जमलं ते ह्यामुळंच. मी माणसांवर संशय घ्यायचो, ते रंगावर.

तो मोजा त्यांच्या खिशातून कधी हलला नाही. एकदा एका लग्नात त्यांनी आहेराच्या ताटांना चुंबक लावून पाहिलं. चांगल्या स्टीलला चिकटत नाही म्हणे, आणि ती ताटं एकजात चिकटली. यजमान शेजारीच उभे होते. शांतामावशींनी, म्हणजे भाऊंच्या बायकोनं, त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं आणि पंगतीला न बसताच दोघं घरी गेली. मी मात्र पोटभर जेवून आलो आणि दुसऱ्या दिवशी त्यांना जिलबी किती छान होती ते सांगितलं, तेव्हा मावशींनी मलाही दोन शब्द सुनावले. पावसाळा सोडून कधी कधी ते माझ्याबरोबर लोहगडवाडीला यायचे. माल उतरवून झाला की गाडीचं दार दोन्ही हातांनी धरून हलवायचे आणि पत्र्याला कान लावायचे. टपरीवरची माणसं हसायची. भाऊ गंभीरपणे म्हणायचे, "आत पानी न्हाई." मला तो त्यांचा चाळा वाटायचा. का हलवता, असं मी कधी विचारलं नाही... बाकी सगळ्या गोष्टींच्या चौकशा करणारा मी, नेमकं तेवढंच विचारलं नाही.

पण ह्या सगळ्याच्या आधी, काम झाल्यावर गाडी घरी आणली तेव्हाच मी ती खाली झोपून तपासली होती. दोन्ही दारांच्या अगदी खालच्या कडेला तीन-तीन भोकं होती, करंगळीच्या टोकाएवढी. नवा पत्रा, आणि त्याला भोकं! माझ्या डोक्यात चक्र सुरू झालं. ही राहून गेली की मुद्दाम ठेवली? इथून धूळ आणि पाणी आत जाणार, पत्रा सडणार आणि मी परत ह्यांच्याच शेडवर जाणार, असा हा डाव असावा. भाऊंना विचारायचं मनात आलं. पण विचारलं तर ते काहीतरी गोड सांगतील आणि मला पटेलही, अशी भीती वाटली. म्हणून मी गुपचूप लांबी आणली, सहाही भोकं गच्च बुजवली आणि वरून घराच्या खिडक्यांचा उरलेला निळा रंग फासला. दाराच्या खाली कोण बघायला जातंय? त्या रात्री मला फार हुशार असल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या पावसाळ्यात दारांना फोड आले. एका रविवारी भुशीच्या वाटेवर पर्यटकांच्या गाड्यांत तासभर अडकलो होतो, उतरायला म्हणून दार ढकललं तर खालच्या कडेचा तुकडा हातात आला. मी तसाच शेडवर गेलो. तिथं तीन-चार गिऱ्हाइकं बसलेली. त्यांच्यासमोर तो तुकडा मी भाऊंच्या पायाशी टाकला. "जुना पत्रा घातलास तू माझ्या गाडीला! लबाड माणूस आहेस तू, किसन!" आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना अरे-तुरे केलं. भाऊ दाराजवळ उकिडवे बसले, खालच्या कडेवरून बोट फिरवलं, मध्येच थांबले, नखानं काहीतरी खरवडलं. मग माझ्याकडे वर बघितलं. बसलेली माणसं आता हे काय म्हणतात म्हणून वाट बघत होती.

"आसंल," भाऊ म्हणाले. "माझंच कायतरी चुकलं आसंल. गाडी ठिवून जावा तुमी."

त्यांनीही मला पहिल्यांदाच 'तुमी' म्हटलं होतं. मला मात्र त्यात फक्त कबुली ऐकू आली. आठ दिवसांनी गाडी आणायला मुद्दाम पुतण्याला पाठवलं. घरी चुंबक लावून पाहिलं, सगळीकडे चिकटलं. दाराच्या खाली मात्र वाकून बघितलं नाही. का नाही बघितलं, ह्याचं उत्तर आज द्यायचं तर मला वाटतं आत कुठंतरी मी घाबरलो होतो. साऱ्या जगावर संशय घेताना तो एकदा स्वतःवर घ्यायची वेळ आली आणि मी अंग चोरलं. उलट जो भेटेल त्याला सांगत सुटलो, किसननं स्वतःच्या तोंडानं कबूल केलंय. औंढ्यात सांगितलं, लोहगडवाडीच्या टपऱ्यांवर सांगितलं. आमच्या भागातल्या गाड्या हळूहळू दुसरीकडे जायला लागल्या. शेडवरून जाताना मी मान फिरवून घ्यायचो. एकदा आरशात दिसलं, भाऊ हातातलं काम थांबवून माझ्या गाडीच्या दारांकडे बघत उभे होते. मला वाटलं, मनात शिव्या देत असतील.

तेराव्यानंतर शांतामावशींचा निरोप आला, एकदा येऊन जा. भाऊंच्या मागं आता मावशी हिशेब मागणार, असं मनात धरूनच मी गेलो. त्यांनी एक पत्र्याचा डबा पुढं सरकवला. आत सायकलची एक तार होती आणि राखाडी रंगाचे सहा खडे. मी एक खडा उचलून नखानं घासला. एका बाजूनं निळा... आमच्या खिडक्यांचा निळा. तरीही, माझा स्वभाव बघा, मी म्हटलं, "हे माझ्याच गाडीचं कशावरून?"

"त्येच म्हनत हुते, तू आसंच इचारशील म्हणून," मावशी म्हणाल्या. "काचंच्या फटीतनं दारात पानी जातंच. त्ये खाली गळून जावं म्हणून भोकं ठेवत्यात. तू बुजवलीस, पानी आत तुंबलं. तार दिलीया ती भोकं मोकळी ठेवायला."

"मग त्यांनी त्याच दिवशी का नाही सांगितलं?"

"चार मान्सं बसली हुती न्हवं तितं. तुजी लाज काडायची व्हय? म्हनायचे, दत्ता एकटा आला की दावीन त्याला." मावशींनी डब्याचं झाकण लावलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. "चार वर्सं डबा फळीवर ठिवला. तू एकटा आलाच न्हाईस."

मी रडलो. मावशींसमोर, त्यांच्या ओसरीवर, चांगला हुंदके देऊन रडलो. ज्या माणसाला मी चार लोकांत उघडं पाडलं, त्यानं त्याच चार लोकांत मला झाकलं होतं, आणि त्यापायी आपल्या हाताचं नाव गेलं तरी तोंड उघडलं नव्हतं. घरी येऊन, चार वर्षांनी, मी गाडीखाली आडवा झालो. दोन्ही दारांना तीन-तीन भोकं, कडा कानशीनं घासून गुळगुळीत केलेल्या. चार पावसाळे झाले, पत्र्याला एक फोड नाही.

त्यानंतर मी लोहगडवाडीला गेलो आणि प्रत्येक टपरीवर सांगितलं की भाऊंचं काम चोख होतं, गाडी मी सडवली. एक टपरीवाल्या बाई कांदा चिरता चिरता म्हणाल्या, "आता सांगून काय त्यास्नी कळणार हाय?" त्यांचं बरोबर आहे. पण बदनामी चार माणसांत केली होती, तर चूकही चार माणसांत सांगायला हवी, म्हणून हे इथं लिहिलं. माझा स्वभाव काही बदललेला नाही, हे लिहून झाल्यावरही मी दोनदा तपासणार आहे.

पावसाळ्यात दर रविवारी मी त्या तारेनं सहाही भोकं मोकळी करतो. थोडा चिखल निघतो, मग पाण्याचे थेंब गळतात. गळायचे थांबले की दार दोन्ही हातांनी धरून हलवतो आणि पत्र्याला कान लावतो. शेजारी कुणी नसतं. तरी मी मोठ्यानं सांगतो, "भाऊ, आत पानी न्हाई."