चौथ्या मजल्यावरचा फ्लोरिन

विश्वाचा कारभार समजलेला माणूस मी एकच पाहिला, आणि तो भाईंदर पश्चिमेला तळमजल्यावर राहत असे. हे माझ्या बायकोचे मामा. एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुऊन निवृत्त झालेले. स्वतः मात्र "मी केमिस्ट्रीत होतो" एवढंच सांगत. त्यांच्या मते जगात एकच गोष्ट खरी होती, इलेक्ट्रोनिगेटिव्हिटी; म्हणजे दोन अणूंमधले सामाईक इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढून घ्यायची अणूची ताकद. आवर्तसारणीत ती डावीकडून उजवीकडे वाढते आणि वरून खाली येताना कमी होते. आमची चार मजली, बिनलिफ्टची इमारत बांधणाऱ्याला हे ठाऊक होतं, अशी मामांची खात्री होती. एकदम उजवीकडचे फ्लॅट कोणीतरी गुंतवणूक म्हणून घेऊन कुलूप लावून ठेवलेले. ते निष्क्रिय वायू, कोणाच्या अध्यात नाहीत. चौथ्या मजल्यावर त्यांच्या अलीकडचं दार सावंतवहिनींचं. त्यांनी नेलेला कुकर परत येत नसे, म्हणून त्या फ्लोरिन. तळमजल्यावर अगदी डावीकडे सीझियम, असेल ते देऊन मोकळा होणारा. तिथे मामाच राहत. कुकरही त्यांचाच होता. आम्हीही चौथ्या मजल्यावर, पण मधोमध. "तुम्ही कार्बन, जावईबापू," ते म्हणत. "तुम्हाला ओढवतही नाही आणि सोडवतही नाही."

माझी मुलगी मनू बारावीला केमिस्ट्रीत उडाली, तेव्हा मामांना कार्य मिळालं. ऑक्टोबरलाही विषय राहिला तर शिक्षण सोडायचं, असं तिने ठरवून टाकलं होतं. मामा दुखऱ्या गुडघ्यांनी रोज संध्याकाळी तिला घेऊन जिना चढू लागले. प्रत्येक मजल्यावर मनूने सांगायचं, खालच्या अणूला थर जास्त, म्हणून केंद्रकाची ओढ बाहेर पोचत नाही; वरचा लहान, त्याची पोचते. चौथ्या मजल्यावर एकदा सावंतवहिनींनी दार उघडलं.

"काय ओ मामा, रोज माझ्या दारात काय दाखवताय पोरीला?"

"फ्लोरिन," मामा गंभीरपणे म्हणाले.

"बरं. आत येऊन दाखवा. चहा टाकते, गुडघ्यांना तेल पण देते."

चहा पिताना मामा फार अस्वस्थ दिसले, असं मनू सांगते. शेवटी तिच्या कानाशी लागून म्हणाले, "हा अपवाद आहे. पेपरात लिहू नकोस."

मनू सुटली. मामा पेढ्यांचा पुडा घेऊन चारही मजले पुन्हा चढले, दारोदार थांबून "जिन्यातच झाला हो सगळा अभ्यास" असं सांगत गेले, आणि बंद फ्लॅटांसमोरही सवयीने क्षणभर उभे राहिले. त्या महिन्यात इमारतीतल्या तीन मुलांना अचानक केमिस्ट्री आवडू लागली. मामा इतके सुखी मी त्याआधी पाहिले नव्हते, आणि नंतरही फारसे नाही.

मनूने मला स्वयंपाकघरात गाठून हळूच सांगितलं, "बाबा, आजोबांना कळू देऊ नका हं." मी आजवर कळू दिलेलं नाही. इलेक्ट्रोनिगेटिव्हिटीचा प्रश्न आला होता. तो तिने ऑप्शनला टाकला.