खुळखुळा आणि लोखंडी खाट

पाण्याला मी कधीच घाबरलो नाही. आजोबा महूच्या छावणीत होते, वडीलही काही वर्षं तिथेच होते, आणि मी इंदूरला येऊन मिलमध्ये लागलो; पण पोहणं अंगात मुरलेलं होतं. विहिरीत सूर मारायचा आणि तळाची माती मुठीत घेऊन वर यायचं, हा माझा लहानपणचा धंदा. त्यामुळे मिलला कुलूप लागलं तेव्हा मी रडत बसलो नाही. साचेखात्यातले, म्हणजे माझ्यासारखे माग चालवणारे सोबती, कुणी भाजीची गाडी लावली, कुणी टेम्पोवर गेले. मी पाण्यात गेलो.

त्याचं श्रेय माझ्या मेहुण्याला. बायकोचा हा थोरला भाऊ फौजेत पाणबुड्या होता आणि पेन्शन घेऊन घरी आला होता. सगळे त्याला फौजी म्हणायचे, मीही तेच म्हणायचो. हातोदच्या पुढच्या एका तलावावर त्याला काम मिळालं होतं. शहराला पाणी खेचतात तिथे खाली मोठी लोखंडी जाळी असते. तिच्यात शेवाळ, पोती, मच्छीमारांच्या दोऱ्या असं काय वाटेल ते अडकतं. पाठीवर हवेचा सिलिंडर बांधून खाली जायचं आणि ते उपसून काढायचं. विजय नगरकडे रोज नवी घरं उठत होती आणि प्रत्येकाला नळाला पाणी हवं होतं, म्हणून काम भरपूर होतं. पण खाली एकट्याने जायचं नाही हा फौजीचा कायदा. जोडीदार हवाच. तो जोडीदार मी झालो, आणि सांगायला हरकत नाही, चांगला झालो.

सुरुवातीला आम्ही खांद्याला खांदा लावून काम करायचो, इशारे हातांनी. मग ठेकेदाराला घाई झाली. एकाने या टोकाला, दुसऱ्याने त्या टोकाला लागायचं, असं त्याने सांगितलं. आता तलावाचं पाणी इतकं गढूळ, की स्वतःची बोटं दिसायची नाहीत, तर दुसऱ्याचा हात कुठून दिसणार? तेव्हा देशाचा बाजार नुकताच उघडला होता आणि बाहेरचा माल मिळू लागला होता. ठेकेदाराने दोन चकचकीत नळ्या मागवल्या. आत छर्रे, हलवलं की किणकिण. हवेपेक्षा पाण्यात आवाज लांब जातो म्हणे. मी पाहिलं आणि म्हणालो, हा तर बाळाचा खुळखुळा. तेच नाव पडलं. ठरलं असं, की एकाने खुळखुळा वाजवला की दुसऱ्याने हातातलं काम टाकून त्याच्याकडे जायचं.

एके दिवशी मी माझ्या टोकाला मजेत शेवाळ उपटत होतो. मन लावून काम केलं, भरपूर केलं, आणि वर आलो तर फौजी काठावर बसून पायातले पोहायचे पंखे काढत होता. घोट्याला दोरीचे वळ उठले होते. खाली त्याचा पाय गुंत्यात अडकला होता आणि शेवटी त्याने स्वतःच चाकूने दोरी कापली होती.

“दाजी, किती देर खुळखुळा हलवत होतो मी,” तो म्हणाला. “तुम्ही सुनलं नाही?”

मी म्हणालो, वाजलाच नसेल, फॉरेनचा माल आपल्या चिखलात कसला टिकतो. नाचता येईना अंगण वाकडं, असं पुटपुटत तो उठला. मला तलावाकडे तोंड करून उभं केलं आणि स्वतः माझ्या पाठीमागे गेला. आता हलवतो, म्हणाला. मी वाट पाहिली. बराच वेळ पाहिली. शेवटी म्हणालो, “अरे, हलव की आता.” उत्तर आलं नाही म्हणून वळलो, तर त्याचा हात हलतच होता.

फौजीचा चेहरा उतरला. मला राग आला, पण कुणावर ते कळेना.

“उद्यापासून तुम्ही काठावर थांबा,” तो म्हणाला. “महूहून दुसरा कोणी बघतो. खाली तुम्हाला काही झालं तर बहिणीला मी काय तोंड दाखवू, भिया?”

काठावर थांबायचं म्हणजे रिकामं बसायचं. एकदा मिलने रिकामं केलं होतं तेवढं मला पुरे होतं.

घरी येईपर्यंत मी मनात भांडत राहिलो. मी बहिरा? मला तर सगळ्यांचं सगळं कळतं. पण सायकल चालवता चालवता एक गोष्ट ध्यानात आली. साचेखात्यात शेकडो माग एकदम धडधडत, तिथे कानाने कोणीच बोलत नसे. आम्ही ओठ वाचायचो. सुरुवातीला वाचायला शिकलो, मग तेच ऐकणं होऊन गेलं. ओठ दिसले की मला ऐकू यायचं. गढूळ पाण्यात ओठ कुठले?

स्नेहलतागंजातल्या आमच्या खोलीत बायको पोळ्या लाटत होती. मी तिच्याकडे पाठ करून उभा राहिलो आणि म्हणालो, “बोल काहीतरी.”

काहीच ऐकू आलं नाही. मग ती उठली, वळसा घालून माझ्या पुढ्यात आली, पदराला हात पुसले आणि म्हणाली, “जेवायचं का, विचारलं.”

इतकी वर्षं ती माझ्यासमोर येऊनच बोलत होती. मला वाटायचं, माझं तोंड बघितल्याशिवाय हिला बोलवतच नाही. मित्रांमध्ये मी त्यावर मिशीला पीळही दिला होता.

“तुला माहीत होतं?” मी विचारलं.

“साचेखात्यातल्या कुठल्या बायकोला माहीत नाही?” ती म्हणाली, आणि पुन्हा पोळपाटाकडे वळली.

मग मी तिला सगळं सांगितलं: खुळखुळा, तिच्या भावाचा घोटा, काठावर बसणं. ऐकता ऐकता ती हसायलाच लागली. हसणं थांबल्यावर मुद्दाम माझ्याकडे तोंड करून म्हणाली, “ती बारीक किणकिण तुम्हाला कशी कळणार? पहिल्या पाळीला मी कधी हाक मारून उठवलं का तुम्हाला?”

नव्हतं उठवलं. आमची खाट लोखंडी. पहाटे ती लाटणं घ्यायची आणि खाटेच्या पट्टीवर ठोकायची, आधी दोनदा, थांबून एकदा. तो ठोका पाठीतून वर यायचा आणि मी ताडकन उठायचो. मिल बंद झाली, पाळी गेली, तसं ते ठोकणंही बंद झालं होतं.

“जाळी लोखंडाचीच आहे ना?” ती म्हणाली. “दादाला सांगा, ठोक म्हणावं.”

दुसऱ्या दिवशी जाळीवर ठोकायचं सांगितलं, तर फौजी ऐकेना. पालथ्या घड्यावर पाणी. मी म्हणालो, एक डुबकी दे, नाही जमलं तर मी स्वतःच काठावर बसतो. त्याने खुळखुळा बाजूला ठेवला आणि पिशवीतून जड पाना काढला. मी त्याला ठोके समजावले, एवढंच की कुणाचे ते सांगितलं नाही. खाली तो त्याच्या टोकाला गेला, मी माझ्या. मी डावा तळहात जाळीवर दाबून धरला आणि उजव्या हाताने काम सुरू केलं. अंधार होता, पाणी थंड होतं. मला खात्री होती, तरी तळहात आणखी घट्ट दाबला.

आणि आलं. तळहातातून कोपरात, कोपरातून दातांत. दोन, थांबून एक. मी जाळीचे गज धरत धरत सरळ त्याच्यापर्यंत गेलो आणि त्याचं मनगट पकडलं.

वर आल्यावर तोंडातली नळी काढून फौजी बराच वेळ हसत राहिला. दाजी, हे ठोकायचं तुम्हाला कोणी शिकवलं, असं त्याने विचारलं. तुझ्या बहिणीने, मी म्हणालो. त्याने पाना माझ्या हातात दिला. “हा तुमच्याकडे ठेवा,” म्हणाला, “दुसरा मी आणतो. आणि उद्या लवकर या, काम खूप बाकी आहे.”

घरी जाऊन तेवढंच सांगितलं, की उद्या लवकर जायचंय.

पहाटे खाट वाजली. दोन, थांबून एक. मी जागाच होतो, पण डोळे मिटून तसाच पडून राहिलो, तिने आणखी एकदा ठोकावं म्हणून.