वाघिणीचे डोळे

बाबांचं मेहकरात टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी खामगावच्या एका बंद पडलेल्या गेम पार्लरमधून जुनं पिनबॉल मशीन आणलं. काचेखालची लोखंडी गोळी आणि ती उडवणाऱ्या दोन पट्ट्या त्यांनी महिनाभरात चालू केल्या. लाकडी पेटीचा रंग मात्र पोपडे धरून निघत होता. ते काम शेजारच्या पेंटर चाचांनी घेतलं. त्यांचा सगळा जन्म ट्रक रंगवण्यात गेलेला.

मदतीला आम्ही दोघी: मी आणि जानेफळहून आमच्याकडे शिकायला आलेली चुलत बहीण. चित्रकलेच्या परीक्षेत ए ग्रेड मला होती. पेटीवरची झेप घेणारी वाघीण जुन्या फोटोवरून मापात मोठी करून मीच कागदावर उतरवली होती. बहिणीने काय रंगवलं होतं? पोळ्याला बैलांची शिंगं.

चाचांचा नियम होता, चित्राचे डोळे सगळ्यात शेवटी, आणि ज्याचा हात त्यांना पटेल त्यानेच काढायचे. ते मला सांगतील असं मी धरून चालले होते. विचारलं नाही. मी सहसा काही विचारत नाही. चौथ्या दिवशी ते बहिणीकडे बोट करून म्हणाले, डोळे ही काढेल. मला म्हणाले, तुझं अक्षर छान आहे, बाटल्यांना चिठ्ठ्या लाव. मी लावल्या. इंग्रजीत, मुद्दाम; चाचांना आणि तिला ते धड वाचता येत नव्हतं. ती दोघं बाटल्या वासावरूनच ओळखायची.

शुक्रवारी चाचा नमाजला गेले होते. डोळ्यांआधी वाघिणीच्या तोंडाला पिवळ्याचा शेवटचा हात द्यायचा होता. त्या ऑइल पेंटात टर्पेंटाइनच घालायचं, थिनर गेलं तर खालचा रंग उकलतो, हे चाचांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. बहिणीला सर्दी झाली होती. तिने एक बाटली हुंगली, परत हुंगली आणि माझ्यासमोर धरली.

"हे टरपिनच हाय ना वं?"

चिठ्ठीवर माझ्याच अक्षरात थिनर लिहिलेलं होतं. मी हातातल्या काचपेपरकडे बघत राहिले. माझं गप्प राहणं म्हणजे हो, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

चाचा परतले तेव्हा वाघिणीचं तोंड दुधावरच्या सायीसारखं सुरकुतलं होतं. त्यांनी बाटली हुंगली आणि चिठ्ठी माझ्याकडे वळवली.

"हे तूच लिवलं ना, बेटा?"

मी मान हलवली. त्यांनी पुढचं विचारायच्या आत ती बोलली.

"माह्यीच चूक हाय, चाचा. नाक बंद व्हतं, अन् मी हिले विचारलं बी नाई."

"नाक बंद असलं त डोये उघडे ठेवाव," चाचा म्हणाले. कुणाला, ते कळलं नाही. रंग खरवडायचा पत्रा मात्र त्यांनी माझ्या हातात दिला.

दोन दिवस मी ते तोंड लाकडापर्यंत खरवडलं, खाचा लांबीने बुजवल्या, घासलं. तिने मला एका शब्दानेही दोष दिला नाही. चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. चांगुलपणातही तिचाच हात वर राहिला. मग तिने तोंड पुन्हा रंगवलं आणि डोळे काढले, एका दमात.

मशीन आता दुकानात दारासमोर असतं. रिमोट दुरुस्तीला आलेली माणसंसुद्धा आधी त्या डोळ्यांपुढे थांबतात, कुणी काढले विचारतात. बाबा कौतुकाने पुतणीचं नाव सांगतात.

मी गल्ल्यावर बसते तेव्हा त्या डोळ्यांत चूक शोधते. एक सापडली आहे. डावा डोळा किंचित मोठा आहे. अजून कुणाला सांगितलेलं नाही.