टिकली सरकली आणि बाण चुकला

मंडळी, आत्ताच शिफ्ट संपवून कारेगावच्या सायबर कॅफेत बसलेय. हे सांगितल्याशिवाय रूमवर जाववेना.

आज कंपनीत चाचणीसाठी एक नवा चष्मा आला. तो घालून मशीनकडं बघितलं की जो बोल्ट आवळायचा त्यावर हिरवा बाण दिसतो. मला मात्र तो शेजारच्याच बोल्टवर दिसत होता.

चष्मा ज्याच्या-त्याच्या डोळ्यांच्या मापानं लावावा लागतो, म्हणून इंजिनिअर सरांनी माझ्या डोळ्यांची मापं पुन्हा घेऊन चष्म्याच्या सेटिंगमध्ये भरली. तरी तेच. सुपरवायझर म्हणाले, "बायकांना न्हाई जमायचं हे. एखादा गडी बोलवा." जाम राग आला.

चष्मा काढताना त्याच्या काचेत माझा चेहरा दिसला, टिकली एका बाजूला सरकलेली.

"सर, मापं घेताना तुम्ही चेहऱ्याचा मध्य म्हणून माझी टिकली धरली का?"

"हो. टिकली मधोमधच असते ना?"

"आवो सर, रूमवर चौघींत एकच आरसा. पहाटं अंदाजानं लावलीय."

सर हसले. नाकाच्या मध्यापासून दोन्ही डोळ्यांची अंतरं मोजून चष्म्यात भरली. बाण नेमक्या बोल्टवर आला. मी सगळे बोल्ट आवळून दाखवले. उद्यापासून चाचणी आमच्या बायकांच्याच लाइनवर आहे.

तुम्हाला "जमायचं नाही" म्हणणाऱ्यानं तुमचं माप कुठून घेतलं होतं, कधी विचारलंत का?