परत केलेला डबा

माझी शेवटची फील्ड पोस्टिंग लडाखला, इन्फन्ट्रीत सुभेदार म्हणून. आता मी अमेरिकेत कॅरीला मुलीकडे, मुग्धाकडे असतो. परवा मुग्धा ऑफिसच्या सेल्स टीमसाठी केलेलं प्रेझेंटेशन मला म्हणून दाखवत होती. विषय, प्राचीन चिनी युद्धनीती. दूरच्याशी मैत्री करा, शेजाऱ्याला थोडं थोडं कुरतडा, बोलणी हसतमुखाने चालू ठेवा. शेवटच्या स्लाइडवर होतं, ‘न लढता टेरिटरी जिंका. कॅज्युअल्टी शून्य.’

माझं डोकंच फिरलं. लॅपटॉप मिटायला लावला आणि तिला गुरवची गोष्ट सांगितली.

तिथे सीमेवर कुंपण नव्हतं. आमची गस्तीची तुकडी, म्हणजे पेट्रोल, शेवटच्या टोकाला पोचली की दगड रचायचे आणि खाली दूध पावडरचा रिकामा डबा ठेवायचा. आम्ही इथवर आलो होतो, याची ती खूण. हे काम लान्स नायक महादेव गुरवचं. गडी सांगलीकडचा, तोंडाने फटकळ. पण डबा ठेवताना देवापुढे नैवेद्य ठेवावा तसा ठेवायचा.

पुढे दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांची फ्लॅग मीटिंग झाली. चिनी अधिकाऱ्याने चहा दिला, मिठाई दिली आणि तोच डबा घासूनपुसून आमच्या मेजरसाहेबांच्या हातात ठेवला. तुमची वस्तू चुकून आमच्या हद्दीत राहिली, असं दुभाष्या म्हणाला. साहेबांनी शिष्टाचार म्हणून ‘थँक यू’ म्हटलं.

बाहेर आल्यावर गुरव मला म्हणाला, “साहेब, डबा घेतला म्हणजे जागा दिली.”

तसंच झालं. बोट दिलं की हात धरतात. पुढच्या पेट्रोलला ते आमच्या दगडांच्या अलीकडे उभे होते, हातात ‘मागे जा’ असा बॅनर. गुरव तोच डबा घेऊन पुढे झाला. रेटारेटी झाली. करारच तसा, म्हणून आमच्या रायफली पाठीवरच होत्या. कडेचा उतार भुसभुशीत. गुरव खाली नाल्यात गेला. डबा वरच राहिला, त्यांच्या बुटांपाशी.

मी रेडिओवर रिपोर्ट दिला.

“वन कॅज्युअल्टी. ओव्हर.”

“फायरिंग?”

“निगेटिव्ह. ओव्हर.”

फायरिंग नाही म्हणजे लढाई नाही. कागदावर गुरव पाय घसरून गेला. आणि ज्या हसऱ्या नीतीने त्याला ढकललं, ती इथे कॉफीबरोबर शहाणपण म्हणून शिकवतात. याची मला चीड येते, आणि येतच राहणार.

मुग्धाने लॅपटॉप पुन्हा उघडला. मग म्हणाली, “सॉरी बाबा. ती स्लाइड डिलीट करते.”

“स्लाइड राहू दे. ते शून्य खोड.”

तिथे काय लिहू, असं तिने विचारलं.

“एक. लान्स नायक महादेव गुरव.”