खाली

अक्का पोह्यांवर शेव भुरभुरत होती आणि मी चहा गाळत होते, तेवढ्यात दार वाजलं. बेल असताना कुणी दार बडवलं की अक्काच्या हातातलं काम थांबतं.

अक्का माझी थोरली जाऊ. देवासच्या घरात वर ती राहते, खाली आम्ही. तिची वैभवी ढाक्याला डॉक्टरी शिकते. तिकडे विद्यार्थी रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, इंटरनेट बंद पडलं आणि गुरुवारपासून पोरीचा फोन लागत नव्हता.

दारात समोरची किराणावाली नीतू, धापा टाकत.

"भाभी, वैभवी का फोन आया था! दुकान के लैंडलाइन पे. मैं बुलाने दौड़ती, उसके पहले कट गया."

"क्या बोली?"

"खाली बोली. होस्टल खाली, हम खाली... ऐसा कुछ."

झालं! हिंदीत खाली म्हणजे रिकामं, मराठीत खाली म्हणजे खालच्या मजल्यावर. आमच्या मुली तर एकाच वाक्यात दोन्ही भाषा कालवतात, वरणभातासारख्या. वसतिगृह रिकामं होऊन पोर मागे राहिली, की सगळ्याजणी तळमजल्यावर एकत्र आहेत?

"खाली म्हणजे खालीच," भावजी, वैभवीचे बाबा, म्हणाले. "तळमजल्यावर असतील."

"नीतूशी ती हिंदीतच बोलणार ना?" अक्का म्हणाली.

"घाबरलेलं माणूस आईच्या भाषेत बोलतं."

"मग हिंदी शाळेत घातलीत कशाला? मराठी धड वाचता येत नाही तिला."

"तूच म्हणालीस, शाळा जवळ आहे, रस्ता ओलांडावा लागत नाही."

अक्काने शेवेचा डबा बंद केला. म्हणाली, "दुकानाचा नंबर तिला मीच पाठ करून घेतला होता. बालवाडीत होती तेव्हा. आपले मोबाइल बदलत राहिले, तो तेवढा तोच राहिला."

"बरं झालं की मग."

"मी तिला सांगितलं होतं, हरवलीस तरच हा नंबर सांगायचा."

पोहे तसेच राहिले. अक्का समोर जाऊन नीतूच्या दुकानात तेलाच्या डब्यावर बसली, फोनकडे तोंड करून. आलेल्या नंबरावर उलटा फोन लावून पाहिला, तो लागेना. जेवायला बोलवायला गेले तर म्हणाली, "इथेच पाठव." मी डबा दिला, तो तसाच परत आला. तिला आठवडाभर धारला आपल्या घरी न्यायचं म्हणून तिचा भाऊ गाडी घेऊन आला.

"चल ताई, तेवढंच मन रमेल."

"फोन धारला येणार आहे का?"

भाऊ चहा पिऊन परत गेला. गिऱ्हाइकं यायची, चुकचुकायची, टीव्हीवर पाहिलेलं सांगायची. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "भाभी, नौकरी लग गई क्या यहाँ?" अक्का हसली, त्यांचा साबुदाणा तोलून दिला, पण डोळे फोनवरून हलले नाहीत. नीतू बाहेर जाऊन कुणाला हाक मारायची तर पुडी बांधता बांधता अक्का दचकायची.

शनिवारी संध्याकाळी फोन वाजला. नीतूने हातसुद्धा पुढे केला नाही.

"वैभू! खाली म्हणजे काय गं?"

पलीकडची बडबड मला दुकानाच्या पायरीवर ऐकू येत होती. "खाली गं आई! खालच्या मेसमध्ये. खिडक्यांपासून दूर. सगळ्याजणी आहोत."

"बाहेर कधी पडणार?"

"पता नहीं. बाहेरून कुलूप लावलंय, कुणी आत येऊ नये म्हणून. वॉर्डन एकेकीला फोन देतायत. उद्या परत करते, याच—"

तुटला. अक्काने रिसीव्हर पदराने पुसला आणि जागेवर ठेवला. मी म्हटलं, "कळलं ना आता? चल, अंघोळ कर, दोन घास खा."

ती उठली नाही. नीतू शटरची काठी हातात घेऊन अवघडून उभी होती.

"भाभी, कल गुरु पूर्णिमा है. मैं तो सुबह से बागली जाऊँगी, गुरुजी के यहाँ. दुकान बंद."

अक्काने तिच्याकडे पाहिलं. "तू जा, नीतू. शटर भी गिरा दे, ताला भी लगा दे. मेरे को बस अंदर बैठने दे."