पंख्यासाठी कापलेलं टीव्हीचं कव्हर

मंडळी, आज दुपारी एक जुगाड केला आणि तासाभरात फसला.

आमचा सेट टॉप बॉक्स तापून मध्येच बंद पडतो. म्हणून जुन्या कॉम्प्युटरमधला छोटा पंखा काढला, बिघडलेल्या कॉर्डलेस फोनच्या अडॅप्टरला जोडला आणि बॉक्सवर ठेवला. पंखा बारा व्होल्टचा, अडॅप्टर नऊचा, त्यामुळे तो सावकाश आणि बिनआवाज फिरतो. मी खूश.

थोड्या वेळाने पाहते तर बॉक्स बंद. आईने पंख्यासकट सगळ्यावर कव्हर घातलेलं.

हे कव्हर नव्वदच्या दशकातलं. बाबा बोईसरच्या कारखान्यात लागले आणि आमच्या माहीमच्या घरी रंगीत टीव्ही आला, तेव्हा आईने ते शिवून त्यावर रंगीत दोऱ्याने मासे भरले. टीव्ही बंद केला की लगेच कव्हर घालायचं, हा तिचा नियम. तो टीव्ही गेला, कव्हर राहिलं.

"उघडं ठेवलं तर धूळ नाय बसणार?" आई म्हणाली.

मी वैतागले होते, पण कव्हर काढून तिचा हात पंख्यासमोर धरला. गरम हवा लागली तशी ती कव्हर घेऊन आत गेली.

संध्याकाळी बघते तर कव्हर परत बॉक्सवर, पंख्याच्या जागी गोल भोक, कडेने नीट शिवलेलं. मासे सगळे शाबूत.

"आपला तो जुना टीव्ही पण असाच तापत असेल गं," ती म्हणाली. "तेव्हा कोणी सांगितलंच नाय."

बॉक्स अजून चालू आहे. तुमच्या घरी कशाकशावर कव्हर आहे?